बाबांच्या गावात बेस वाढला हो!

तुम्हाला म्हणून सांगते, चारचौघांत बोलू नका. शिर्डी हाताबाहेर गेलीय. पार गेलीय.

रामनवमी जवळ आली की सिन्नरच्या बाजूने पालख्यांची रीघ लागते, हे तुम्हाला माहीत असेलच. मुंबईची मंडळं, ठाण्याची, नाशिकची, शिवाय गुजरातेतून येणारी. पायांना फोड, डोक्यावर चैत्राचं ऊन, तोंडात बाबांचं नाव. इथवर सगळं सोज्वळ. पण पालखीच्या मागून काय येतं ते कुणी सांगत नाही. टेम्पो येतो, टेम्पो! त्यावर छपरापेक्षा उंच रचलेली काळी खोकी, कडेला दोरीने आवळलेला जनरेटर, आणि केबिनच्या मागे गॉगल लावून मिक्सरवर बोटं फिरवणारा एक पोरगा. बघणाऱ्याला वाटावं, अख्खी पालखी तोच चालवतोय.

मी आपली ओट्यावर हात जोडून उभी. बाबांचं नाव कानावर पडलं म्हणून भक्तीने डोळे मिटले, तर माझी कंबर हलायला लागली. माझी, जी लग्नाच्या वरातीतसुद्धा हलली नव्हती! हळूच एक डोळा उघडून पाहिलं, तर शेजारच्या वहिनींचीही हलत होती. पुतण्या पायरीवर बसून हसत होता. म्हणाला, "काकू, चाल ओळखली नाहीत होय? गुलाबी साडी!"

ऐकलंत? जळगावकडच्या संजू राठोडने २०२४ मध्ये ते गाणं काढलं. माधुरी दीक्षितने त्यावर रील केला. मग हळद, बारसं, साखरपुडा, गॅदरिंग, काही म्हणून सोडलं नाही त्या गाण्याने. आणि आता ते बाबांच्या पालखीत शिरलंय. साडीच्या जागी कफनी घातली की झालं भजन तयार!

त्या रात्री आमच्या ओट्यावर बैठक भरली. मामंजी अध्यक्ष. हाराच्या दुकानातले काका, वहिनी, आमचे हे, आणि आरोपीच्या पिंजऱ्यात पुतण्या, कारण टेम्पोवाल्या पोराशी त्याची दोस्ती. हारवाले काका म्हणाले, "माझ्या टपरीचा पत्रा थरथरतो हो, हार आपोआप सुटतात." वहिनी म्हणाल्या, "आमच्या फळीवरचे पेले एकमेकांना टकरा देतात." पुतण्याने शांतपणे समजावलं: वरची छोटी खोकी म्हणजे टॉप, त्यातून शब्द येतात, खालची मोठी म्हणजे बेस. बेसचा आवाज कानाला कमी आणि छातीला जास्त लागतो, भिंतीतूनही तो आरपार येतो, म्हणून दार लावून उपयोग नाही. "म्हणजे आता देव छातीत शिरतो," असं म्हणून मामंजींनी कपाळाला हात लावला आणि निकाल दिला. पूर्वी असं नव्हतं. पूर्वी देवाच्या गाण्याला देवाचीच चाल असायची.

मी गप्प बसणारी नाही. आत गेले आणि त्यांच्याच ट्रंकेतलं भजनाचं जुनं पुस्तक काढून आणलं. उघडा हो तुम्हीसुद्धा घरात असेल तर. प्रत्येक पदाच्या डोक्यावर कंसात बारीक अक्षरांत छापलेलं असतं, 'चाल : अमुक'. हे अमुक म्हणजे कधी संगीत नाटकातलं पद, कधी सिनेमातलं गाणं, आणि एखाद्या पानावर चक्क लावणी! म्हणजे आमचे आजेसासरे एकादशीला टाळ वाजवत जे डोलत होते ते नक्की कशावर, हे आता विचारायची सोय नाही. पुस्तक मामंजींपुढे धरलं तर म्हणाले, चष्मा आत राहिला.

आता विषय निघालाच आहे तर सगळंच काढते.

शिर्डी बिघडली म्हणतात ना, तिला बिघडून बराच काळ झाला. मोठा बोभाटा झाला तो १९७७ मध्ये. त्याआधी कुमारसेन समर्थांनी १९५५ साली मराठीत 'शिर्डीचे श्री साईबाबा' हा बोलपट काढला होता, पण हिंदीवाल्यांनी मनावर घेतलं ते सत्त्याहत्तरमध्ये आणि तेही एका वर्षात दोनदा. एक म्हणजे मनमोहन देसाईंचा 'अमर अकबर अँथनी'. त्यातलं ते बाबांचं गाणं आठवा. पडद्यावर गाणारा कोण? ऋषी कपूर, म्हणजे अकबर, म्हणजे कव्वाल. आवाज महंमद रफींचा, शब्द आनंद बक्षींचे, संगीत लक्ष्मीकांत-प्यारेलाल यांचं. साईबाबांच्या देवळात कव्वालीचा ठेका! टाळ्या वाजताहेत, आंधळी निरुपा रॉय चाचपडत आत येते, मूर्तीच्या डोळ्यांतून दोन ज्योती निघतात आणि तिला दिसायला लागतं. थेटरात बायका पदराने डोळे पुसत होत्या आणि पोरं शिट्या मारत होती. भक्ती कुणाची जास्त, हे मी ठरवणार नाही.

दुसरा सिनेमा 'शिर्डी के साईबाबा'. मागे मनोजकुमार, संगीत पांडुरंग दीक्षितांचं आणि बाबांच्या भूमिकेत आपले सुधीर दळवी. इथे जरा कान इकडे करा. त्या सिनेमानंतर कितीतरी घरांत देव्हाऱ्यातले बाबा नेमके कोणते, द्वारकामाई मशिदीत राहिलेले खरे की दळवी, हे विचारणं असभ्यपणाचं ठरलं. आणि मनोजकुमारांचं काय झालं? शिर्डीत पिंपळवाडी रस्त्याला त्यांचं नाव मिळालं. 'भारत' म्हणून देशभर गाजलेला नट शेवटी आमच्याकडचा एक रस्ता होऊन राहिला, आणि त्या रस्त्यावरून आता रिक्षा दुसऱ्याच कुणाची गाणी लावून जातात.

वहिनी म्हणाल्या, सिनेमाचं सोडा, मूर्ती तरी खरी. खरीच हो, पण तीही कलावंताचीच ना! समाधी मंदिरातली संगमरवरी मूर्ती मुंबईचे शिल्पकार बाळाजी वसंत तालीम यांनी घडवली. ती बसवली १९५४ च्या दसऱ्याला, म्हणजे बाबांच्या समाधीनंतर छत्तीस वर्षांनी. आज जीपच्या डॅशबोर्डवर, चहाच्या टपरीवर, लग्नपत्रिकेच्या कोपऱ्यात आणि मोबाईलच्या कव्हरवर जे एका पायावर दुसरा पाय टाकून बसलेले बाबा दिसतात ना, त्यातले निम्मे तरी तालीमांच्या छिन्नीतून आलेत. परदेशात सुपाच्या डब्याचं चित्र काढून माणसं मोठी झाली. आमच्याकडे एका मूर्तीच्या इतक्या प्रती निघाल्या की मोजदाद नाही, पण छिन्नीवाल्याचं नाव दर्शनाच्या रांगेत विचारून पाहा, दहातल्या नऊ जणांना सांगता येणार नाही.

मग कॅसेटी आल्या. गुलशनकुमारांच्या टी-सीरीजने भक्ती एवढी स्वस्त केली की हाराच्या दुकानात हारापेक्षा कॅसेट परवडायची. तो काळ मी फार उगाळत नाही. एवढंच सांगते की त्या दिवसांत मंदिराच्या रस्त्यावर दहा दुकानांतून दहा गाणी एकाच वेळी वाजायची आणि त्याला कुणी डीजे म्हणत नव्हतं, वातावरण म्हणत होते.

"तरीपण," मामंजी म्हणाले, "बाबा होते तेव्हा असलं काही नव्हतं."

इथे मात्र मला राहवेना.

बाबांचं नाव गावोगावी पोचवलं कुणी? दासगणू महाराजांनी. आपल्या नगर जिल्ह्यातल्या अकोळनेरचा जन्म, १८६८ चा. मूळ नाव गणपत दत्तात्रेय सहस्रबुद्धे. नोकरी पोलिसात. आणि नाद? धरा बरं कानाला हात. तमाशाचा! लावण्या रचायचे. पोलिसाचा डगला आणि खिशात लावणी. आजच्या दिवसांत असं कुणी सापडलं असतं तर निलंबन आधी आणि रील नंतर. बाबांनी त्यांना नोकरी सोडायला लावली आणि ते कीर्तनाला उभे राहिले. म्हणजे शब्दांवर हुकमत, ठेक्याचं भान, समोरच्या माणसाला जागेवरून उठू न देण्याची कला, हे सगळं तमाशाच्या फडात तावून-सुलाखून निघालेलं, आणि ते लागलं बाबांच्या कामी. पुढे याच माणसाने शेगावच्या गजानन महाराजांवर 'श्री गजानन विजय' लिहिला, जो आज घरोघरी पारायणाला असतो. लावणीने बिघडलेला माणूस हा असा!

दासगणूंच्या कपड्यांची गोष्ट तर बाबांच्या चरित्रग्रंथात, साईसच्चरितातच आहे, पंधराव्या अध्यायात. एकदा दासगणू शिर्डीत कीर्तनाला निघाले तेव्हा अंगात लांब अंगरखा, वर उपरणं, डोक्याला फेटा असा कीर्तनकाराचा संपूर्ण थाट. बाबांच्या पाया पडायला गेले तर बाबांनी विचारलं, नवरदेवासारखा नटून निघालास कुठे? आणि सगळं उतरवायला लावलं. तेव्हापासून दासगणू कंबरेच्या वर उघडे, गळ्यात हार, हातात चिपळ्या, अशा वेशात आयुष्यभर उभे राहिले. आजकालच्या कलावंतांना वेश सुचवायला पगारी माणूस लागतो. दासगणूंचा वेश खुद्द बाबांनी ठरवला आणि एका वाक्यात ठरवला. डिसेंबर २०२० मध्ये सभ्य कपडे घालून या असा फलक मंदिराबाहेर लागला तेव्हा किती रण पेटलं होतं, आठवतं ना? कार्यकर्त्या तृप्ती देसाई फलक काढायला निघाल्या होत्या, पोलिसांनी त्यांना वाटेत अडवलं. त्या वेळी दोन्ही बाजूंपैकी एकालाही हा पंधरावा अध्याय आठवला नाही याचं मला आजही नवल वाटतं.

आणि चाहत्यांचं वेड म्हणाल तर तेही त्याच अध्यायात. दासगणूंचं कीर्तन ठाण्याला, कौपीनेश्वराच्या देवळात. श्रोत्यांत चोळकर नावाचा एक गरीब कारकून. नोकरी कच्ची, परीक्षा पास झाला तर पक्की व्हायची, घरी खाणारी तोंडं बरीच. कीर्तन ऐकून एवढा भारला की, बाबांना कधी पाहिलेलंही नसताना, तिथल्या तिथे नवस बोलला: पास झालो तर शिर्डीला येऊन खडीसाखर वाटीन. पास झाला, पण शिर्डीला जायला पैसे कुठले? म्हणून पैसे साठेपर्यंत गड्याने साखर सोडली. चहा कोरडा, बिनसाखरेचा. शेवटी शिर्डी गाठली, तर बाबांनी बापूसाहेब जोगांना सांगितलं, याला चहा द्या आणि साखर भरपूर घाला. न सांगता ओळखलं म्हणून चोळकरांना रडू आलं. मला सांगा, आज एखाद्या गायकाच्या मैफलीच्या तिकिटासाठी पोरं वडापाव सोडतात म्हणून आपण नाकं मुरडतो. चोळकरांनी तर एका कीर्तनावर साखर सोडली होती, तीही चहातली.

वाद्यांचं विचारू नका. शिर्डीचा उरूस १८९७ मध्ये सुरू झाला आणि १९१२ मध्ये त्याला रामनवमीचं रूप आलं. त्या पहिल्या रामनवमीला कृष्णराव जागेश्वर भीष्म कीर्तनाला उभे राहिले आणि काका महाजनी साथीला पेटीवर बसले. पेटी! फ्रान्सहून आलेलं वाद्य. त्याच पेटीला पुढे आकाशवाणीने १९४० पासून १९७१ पर्यंत दाराबाहेर ठेवलं, परकी म्हणून, आपले सूर तिच्यात बसत नाहीत म्हणून. आज मात्र पेटी नसलेलं भजन आम्हाला भजन वाटत नाही. म्हणजे बेसच्या खोक्यांनी अजून साठ-सत्तर वर्षं दम धरला तर मामंजींसारखाच कुणीतरी म्हणेल, छे, आमच्या काळी कसं, साधं सात्त्विक डॉल्बी असायचं!

आणि त्या पहिल्या कार्यक्रमात गोंधळ झाला नाही असं समजू नका. रामजन्माचा गजर झाला, गुलाल उधळला आणि तो गेला थेट बाबांच्या डोळ्यांत. बाबा असे भडकले, अशा शिव्या सुरू झाल्या की माणसं घाबरून पळाली. रामजन्मासाठी बांधलेला पाळणा सोडून ठेवायलाही महाजनी निघाले होते, तेव्हा बाबांनीच अडवलं. चिडले ते डोळ्यांतल्या गुलालावर. उत्सवावर नाही चिडले. हे वाक्य लक्षात असू द्या, मला ते पुढे लागणार आहे.

आता बाबांबद्दलचं शेवटचं आणि सगळ्यांत धक्कादायक. मामंजींना मी हे जरा दबकत सांगितलं. सच्चरित लिहिणाऱ्या दाभोळकरांनी, म्हणजे हेमाडपंतांनी, स्पष्ट लिहून ठेवलंय की सुरुवातीच्या दिवसांत बाबा तकियात, म्हणजे फकिरांच्या मुक्कामाच्या जागी, जायचे, पायात घुंगरू बांधायचे, सुरेख नाचायचे आणि गोड आवाजात गायचे. घुंगरू हो, घुंगरू! बाबांच्या पायात! आमच्या बैठकीत थोडा वेळ कुणी बोललं नाही. मग पुतण्या म्हणाला, "म्हणजे आम्ही नाचलो तर—" आणि मामंजी म्हणाले, "तू गप."

इतकं सांगून झाल्यावर मी नगर जिल्ह्याचं खरं प्रकरण बाहेर काढलं. हे जगजाहीर आहे, पण आपल्याकडे कुणी बोलत नाही.

१९१५ सालची गोष्ट. पुण्याचा एक इराणी तरुण, मेरवान शेरियार इराणी, शिर्डीत आला. त्याचे अनुयायी सांगतात की बाबांनी त्याला पाहताच 'परवरदिगार' असा शब्द उच्चारला. तिथून तो गेला खंडोबाच्या देवळात. तिथे बाबांचे शिष्य उपासनी महाराज राहत होते; त्यांनी उचलला दगड आणि मारला थेट त्याच्या कपाळावर. स्वागताच्या पद्धती असतात एकेक! पुढे उपासनी महाराज शिर्डीहून पाचेक किलोमीटरवर साकोरीला स्थिरावले, मेरवान त्यांच्याकडे राहून शिकला, आणि मग नगरजवळ अरणगावला जाऊन बसला. त्याचं पुढे नाव झालं मेहेरबाबा, जागेचं मेहेराबाद. १० जुलै १९२५ ला मेहेरबाबांनी मौन धरलं, ते ३१ जानेवारी १९६९ ला देह ठेवेपर्यंत सोडलं नाही. साडेत्रेचाळीस वर्षं एक शब्द नाही.

आता या अबोल माणसाच्या नादी कोण लागावं? लंडनचा 'द हू' नावाचा बँड. त्यातला गिटारवाला आणि गाणी लिहिणारा पीट टाउनशेंड. स्टेजवर गिटारी आपटून फोडणारा म्हणून जगात प्रसिद्ध. म्हणजे आमच्या टेम्पोवाल्या पोराचा थोरला भाऊ म्हणा. हा माणूस मेहेरबाबांचा भक्त झाला, नशेच्या गोळ्या सोडल्या आणि १९७० मध्ये अमेरिकेच्या 'रोलिंग स्टोन' मासिकात मेहेरबाबांवरच्या प्रेमाबद्दल लांबलचक लेख लिहिला. १९६९ च्या 'टॉमी' या अल्बमच्या श्रेयनामावलीत मेहेरबाबांचं नाव अवतार म्हणून छापलंय. १९७१ मध्ये आलं 'बाबा ओ'रायली'. त्यातला बाबा म्हणजे आपले अरणगावचे, आणि रायली म्हणजे टेरी रायली नावाचा अमेरिकन संगीतकार. १९७२ मध्ये टाउनशेंडने स्वतःचा अल्बम काढला त्यातल्या एका गाण्याचं नाव काय, सांगा? 'परवरदिगार'! शिर्डीत उच्चारला गेलेला तो शब्द लंडनच्या रेकॉर्डवर चढला. मेहेरबाबांनी रचलेल्या प्रार्थनेवरून केलंय ते गाणं.

अजून रंगत पुढेच आहे. ३१ मे १९७६ ला लंडनमधल्या चार्लटनच्या फुटबॉल मैदानावर याच 'द हू'ने कार्यक्रम केला आणि बत्तीस मीटरवर १२६ डेसिबल आवाज मोजला गेला. जगातला सर्वांत मोठ्या आवाजाचा कार्यक्रम म्हणून तेव्हा गिनेसच्या बुकात नोंद झाली! साडेत्रेचाळीस वर्षं तोंडातून शब्द न काढणारा गुरू आणि कानठळ्या बसवणारा चेला. जोडी जमवणाऱ्याची कमाल आहे. २०१२ मध्ये लंडन ऑलिंपिकच्या समारोपाला हीच मंडळी स्टेजवर आली आणि 'बाबा ओ'रायली' वाजलं. सारं जग टीव्हीसमोर, आणि नगर जिल्ह्याचं नाव घ्यायला कुणी नाही.

एवढ्यावर थांबेल तर मेहेरबाबांची कीर्ती कसली! काळजी करू नका, आनंदात राहा, हे त्यांचं इंग्रजीतलं आवडतं वचन. ते छापलेलं पोस्टर बॉबी मॅकफेरिन या अमेरिकन गायकाने सॅन फ्रान्सिस्कोत मित्रांच्या घरी भिंतीवर पाहिलं आणि १९८८ मध्ये त्याचं गाणं केलं. एकही वाद्य नाही, सगळं तोंडाने! तरी ते अमेरिकेत पहिल्या नंबरावर गेलं. वाद्यांशिवाय तिथे पोचलेलं ते पहिलंच गाणं. १९८९ मध्ये ग्रॅमीही मिळालं. ऐकतोस का रे टेम्पोवाल्या? खोकी नसली तरी गाणं गाजतं.

माझी एक जुनी कुरकुर आहे, ती जाता जाता नोंदवते. बीटल्सच्या १९६७ च्या 'सार्जंट पेपर'च्या कव्हरवर गर्दीत चार भारतीय योगी आहेत: परमहंस योगानंद, त्यांचे गुरू, गुरूंचे गुरू आणि त्यांचेही गुरू. एकाच घराण्याला चार जागा! शिर्डीला एक नाही, मेहेराबादला एक नाही. आमच्या जिल्ह्यावर नेहमीचाच अन्याय.

आता तुम्ही म्हणाल, राजकारण राहिलंच. राहील कसं? १ नोव्हेंबर १९९६ ला मायकल जॅक्सन मुंबईत अंधेरीला नाचून गेला. आणला कुणी? शिव उद्योग सेनेने, म्हणजे राज ठाकरेंनी. विमानतळावर सोनाली बेंद्रे नऊवारी नेसून औक्षण करायला उभी. जॅक्सन ठाकऱ्यांच्या घरी, मातोश्रीवर गेला, तिथलं स्वच्छतागृह वापरलं, त्याचीही बातमी झाली. करमणूक कराच्या माफीवरून मुंबई ग्राहक पंचायत कोर्टात गेली आणि ते त्रांगडं सुटता सुटता २०२१ उजाडलं. जॅक्सन २००९ मध्येच गेला होता. असो. आणि तेच राज ठाकरे २०२२ मध्ये मशिदींवरच्या भोंग्यांविरुद्ध उभे ठाकले. दणका बसला कुणाला? इतरांबरोबर आमच्या शिर्डीलाही! रात्री दहा ते सकाळी सहा भोंगा बंद हा नियम सगळ्यांनाच लागू, म्हणून त्या मे महिन्यात पहाटेची काकड आरती आणि रात्रीची शेजारती भोंग्याविना झाली. वर्षानुवर्षं ज्या आवाजावर गाव जागं झालं तो आवाज बंद. तेव्हा शिर्डीतल्या मुसलमान मंडळींनी निवेदन दिलं की बाबांची आरती भोंग्यावरच होऊ द्या. हे मात्र मी थट्टेत घेत नाही. हे गाव असंच आहे.

तर बैठकीत शेवटी मला निकाल विचारला गेला, आणि मी दिला. चालीला हरकत नाही. गुलाबी असो, पिवळी असो, बाबांचं नाव कुठल्याही साडीत शोभतं. त्यांच्या नावाला कव्वाली चालली, लावणीवाला शिपाई चालला, फ्रान्सची पेटी चालली. नाचालाही हरकत नाही, घुंगरांचा पुरावा छापील आहे. हरकत आहे ती गुलाल डोळ्यांत जाण्याला. कायद्याने वस्तीत दिवसा पंचावन्न आणि रात्री पंचेचाळीस डेसिबल एवढीच मुभा आहे, आणि टेम्पो आमच्या दारात थांबतो तेव्हा पाळण्यातलं पोर दचकून उठतं, पलीकडच्या दवाखान्यातला पेशंट उशी कानावर घेतो. चार्लटनचा विक्रम आमच्या गल्लीत मोडायची गरज नाही. मामंजींनी मान हलवली. ती पटलं म्हणून हलली की लांबून पुन्हा तोच ठेका ऐकू येत होता म्हणून, ते बाई मी बघितलं नाही.

तेव्हा पालखीवाल्या दादांनो, यंदा येताना टॉप आणा, बेसची दोन खोकी घरी ठेवा, आणि रात्री दहाच्या ठोक्याला जनरेटर बंद करून टाळ-चिपळ्यांवर या. आमच्या ओट्यावर पाणी आणि चहा तयार असेल, साखर भरपूर घालून. आणि रील काढायचा असेल तर बाहेर रस्त्यावरच उरकून घ्या, कारण मंदिरात मोबाईल नेता येत नाही, तो आधी लॉकरमध्ये जमा करावा लागतो.